पेटीत काय ठेवायचं?

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण)



सकाळचा आठवणींचा कार्यक्रम छान रंगला. श्रीखंड-पुरीच्या जेवणानंतर गणितावर बोलायला कुणाला तरी उभं करायचं, हे संयोजकांचं धाडसच म्हणायला हवं. पण त्याला कारण आहे. आपल्या बॅचने शाळेला गणित कक्ष द्यायचं ठरवलं आहे. वर्गणीही बऱ्यापैकी जमली आहे. त्या खोलीत काय ठेवायचं यावर आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बरेच दिवस चर्चा चालू आहे. कुणी स्मार्ट बोर्ड सुचवला, कुणी बाजारातला तयार संच, कुणी भिंतभर सूत्रांचे रंगीत तक्ते. मी गणिताचं शैक्षणिक साहित्य तयार करण्याचं काम करते, म्हणून शेवटी ‘तूच काय ते सांग’ असा निरोप आला. वस्तूंची यादी मी शेवटी देणार आहे. त्याआधी ती यादी कशाच्या आधाराने करायची, ते सांगते.

गणिताची एक मूळ अडचण आहे. त्यात ज्याबद्दल आपण बोलतो ते डोळ्यांना दिसत नाही. पाच चिंचोके दिसतात, पाच बोटं दिसतात, फळ्यावर ‘५’ दिसतो, पण नुसते ‘पाच’ कुठेच दिसत नाहीत. विज्ञानाच्या बाई जास्वंद आणून तिचे भाग दाखवू शकतात. गणिताच्या सरांना ‘उणे तीन’ पिशवीतून आणता येत नाही. त्यामुळे गणितात आपण कायम कशाचा तरी आधार घेऊन बोलतो. कधी वस्तूचा, कधी चित्राचा, कधी शब्दाचा, कधी चिन्हाचा. या आधाराला मी ‘मांडणी’ म्हणते. एका मांडणीतली गोष्ट दुसऱ्या मांडणीत नेता येणं, हा गणित समजण्याचा फार मोठा भाग आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० च्या दशकात मांडणीचे तीन प्रकार सांगितले: हाताने करून, चित्राने आणि चिन्हाने. सिंगापूरने १९८० च्या दशकात आपलं प्राथमिक गणित वस्तू, चित्र, चिन्ह या क्रमावर उभं केलं. आपल्याकडे पुष्कळदा थेट चिन्हापासून सुरुवात होते, आणि ज्या मुलाला ते जमत नाही त्याच्यावर ‘गणितात कच्चा’ असा शिक्का बसतो. आज सकाळपासून ‘आपलं आणि गणिताचं कधी जमलंच नाही बुवा’ असं हसत सांगणारे बरेच जण भेटले. त्यांच्यातले कुणी दुकान चालवतात, कुणी ट्रॅक्टरच्या कर्जाचे हप्ते तोंडी सांगतात, कुणी ब्लाउजचं कापड बेतताना इंचभर वाया घालवत नाहीत. यांना गणित येतं. वहीतलं चिन्ह आणि डोक्यातला हिशेब यांचा सांधा तेवढा शाळेत जुळला नाही. आपण जी खोली देणार आहोत, ती हा सांधा जुळवण्यासाठी असावी असं मला वाटतं.

एक साधं उदाहरण घेऊ. ‘तेवीस’ लिही म्हटल्यावर पहिली-दुसरीतली कितीतरी मुलं ३२ लिहितात. ती चुकतात, पण विचार करून चुकतात. ‘तेवीस’मध्ये तीन आधी ऐकू येतात आणि वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी येतो. कन्नड, तेलुगू, इंग्रजी या भाषांत दशक आधी बोलतात, म्हणून त्या मुलांना हा घोळ सोसावा लागत नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस तीन’ अशा वाचनाचीही सोय केली, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल. विधिमंडळापर्यंत विषय गेला, मोबाइलवर विनोद फिरले. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना पुन्हा पुन्हा समजावून सांगावं लागलं. तो बदल योग्य की अयोग्य, या वादात मी आज शिरत नाही. पण त्यामागची अडचण खरी होती, आणि नावं बदलली नाहीत तरी साहित्याने ती बरीच कमी करता येते.

त्यासाठी काय लागतं? काड्या, रबरबँड आणि दोन रकाने शिवलेला एक कापडी तुकडा. डावा रकाना दशकाचा, उजवा एककाचा. दहा काड्यांचा एक गठ्ठा. ‘तेवीस’ ऐकल्यावर मूल तीन सुट्या काड्या आधी उचलतं, कारण तेच आधी ऐकू आलं. उचलू द्यावं. त्या उजव्या रकान्यात जातात. मग दोन गठ्ठे डाव्या रकान्यात. हाताने उचलण्याचा क्रम काहीही असो, कापडावर २ आणि ३ आपापल्या जागी बसतात, आणि मूल ते पाहून लिहितं. कापडाचा तुकडा नसेल, तर तेच मूल उचललेल्या क्रमाने काड्या ओळीत ठेवतं आणि पुन्हा ३२ लिहितं. म्हणजे इथे काड्यांइतकंच काम त्या दोन रकान्यांनी केलं. साहित्य तयार करताना बराचसा विचार अशा बारीक गोष्टींचाच करावा लागतो.

आता ‘एकोणतीस’ घ्या. कापडावर दोन गठ्ठे आणि नऊ काड्या आहेत, पण नावात ना दोन ऐकू येतात ना नऊ. इथे काड्या कमी पडतात. त्यासाठी शंभर मण्यांची माळ हवी, दर दहा मण्यांनी रंग बदलणारी. दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल. तिसाव्या मण्यावर तिसरा रंग संपतो, आणि एकोणतीस त्याच्या एक मणी अलीकडे. एकोण म्हणजे एक कमी. १९ पासून ८९ पर्यंत अशी आठ नावं आपल्या भाषेत आहेत, आणि माळेवर ती सगळी एकाच रीतीने दिसतात. मग कुणीतरी विचारतंच, ‘९९ ला एकोणशंभर का नाही म्हणत?’ हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला एकोणतीस कळले आहेत, हे वेगळी चाचणी न घेताही समजतं.

काड्यांनी स्थानिक किंमत दिसली, शेजार दिसला नाही. माळेने शेजार दाखवला, पण तिच्यावर २ आणि ९ हे अंक वेगळे दिसत नाहीत. प्रत्येक मांडणी एक गोष्ट उजेडात आणते आणि दुसरी झाकते. म्हणून ‘सगळ्यात चांगलं साहित्य कोणतं’ या प्रश्नाला उत्तर नाही. कोणती कल्पना शिकवायची आहे आणि ती कशात नीट दिसते, हे विचारायचं. एकाच संख्येच्या किमान दोन मांडण्या मुलाच्या हातात असायला हव्यात, म्हणजे त्याला तुलना करता येते.

दुसरी गोष्ट, साहित्यावर काय ठेवायचं नाही. जॉर्ज क्विझनेर हे बेल्जियममधले शाळामास्तर. त्यांनी एक ते दहा सेंटिमीटर लांबीच्या लाकडी पट्ट्या केल्या, प्रत्येक लांबीला वेगळा रंग, आणि १९५२ मध्ये आपली पद्धत पुस्तकरूपाने मांडली. त्या पट्ट्यांवर एकही अंक नव्हता. एक नारिंगी म्हणजे दोन पिवळ्या, हे मूल शेजारी ठेवून पाहतं. सगळ्यात लहान पांढरीला एक म्हटलं तर नारिंगी दहा होते. उद्या नारिंगीलाच एक म्हटलं तर पिवळी अर्धा होते आणि पांढरी एक-दशांश. तीच पेटी पहिलीत बेरजेला चालते आणि पाचवीत अपूर्णांकांना. बाजारात अशाच पट्ट्या अंक छापून मिळतात. पालकांना त्या जास्त उपयोगी वाटतात. पण ‘१०’ छापलेली पट्टी पुन्हा एक होऊ शकत नाही, आणि लांबी पाहण्याऐवजी मूल अंक वाचून मोकळं होतं. जे काम मुलाने करायचं, ते छापखान्याने करून ठेवलं.

अपूर्णांकांकडे येते, कारण पुष्कळांची गाडी तिथेच अडलेली असते. आपल्या गुरुजनांच्या आधीच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी घोकली. रुपयाचे सोळा आणे होते तोवर पाव म्हणजे चार आणे आणि पाऊण म्हणजे बारा आणे, हे रोज हातात खेळायचं. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. ३० जून २०११ नंतर पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. आजच्या पाचवीतल्या मुलाने पाव रुपया हातात धरलेला नाही. ‘पाव किलो’ तो ऐकतो, पण वजनकाट्यावर २५० हा आकडा पाहतो. पूर्वी बाजार जी मांडणी फुकट पुरवत होता, ती आता वर्गात करून द्यावी लागते.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या. एक तशीच ठेवायची, एक दुमडून दोन भाग, एक चार, एक आठ. ‘आठ चारपेक्षा मोठे, म्हणून १/८ हे १/४ पेक्षा मोठं’ असं म्हणणारं मूल तीनदा घडी घातल्यावर स्वतःच थांबतं. घड्या वाढल्या तसा तुकडा लहान झाला, हे त्याच्या बोटांनी केलेलं असतं. तीन भागांची घडी अवघड जाते. मुलं कागद सरकवत, अंदाज घेत बसतात. तो वेळ वाया गेला असं समजू नका. ‘समान भाग’ या दोन शब्दांचा अर्थ त्या सरकवण्यातच कळतो. आधीच रेघा छापलेली पट्टी दिली तर हा भाग हुकतो.

भाकरीचं चित्र पाव आणि अर्ध्यासाठी चांगलंच आहे. एक पूर्ण म्हणजे काय, ते तिथे लगेच कळतं. पण भाकरीचे पाच समान भाग करून पाहा. शिवाय सव्वा दाखवायला दुसरी भाकरी घ्यावी लागते, आणि मूल म्हणतं, ‘आठ तुकड्यांतले पाच.’ पट्टी संख्यारेषेवर ठेवली की सव्वा ही एकच्या थोडी पुढची जागा होते आणि पावणेदोन म्हणजे दोनच्या पाव अलीकडची. ‘पाऊण’ हा शब्द ‘पादोन’ वरून आला आहे, म्हणजे पाव कमी. ‘एकोण’मध्ये आणि ‘पाऊण’मध्ये तेच ‘ऊन’ आहे. माळेवर जी चाल मुलाने पाहिली, तीच इथे पट्टीवर दिसते. आपल्या भाषेत मांडणीची एवढी सोय असताना आपण तिचा वापर फार कमी करतो.

पैशांबद्दल एक सावधगिरी. दशांश शिकवायला रुपये-पैसे सोपे वाटतात. पण साडेचार रुपये आपण ४.५० लिहितो, म्हणून ४.५ दिसलं की मूल ‘चार रुपये पाच पैसे’ वाचतं, आणि ०.३५ हे ०.४ पेक्षा मोठं ठरवतं, कारण पस्तीस चारपेक्षा मोठे. त्यासाठी शंभर घरांचा चौकोन आणि दोन रंग पुरतात. चार उभ्या ओळी रंगवल्या की ०.४ म्हणजे चाळीस घरं, ०.३५ म्हणजे पस्तीस. मग पैशांकडे परत जावं. पैसे वाईट नाहीत, पण पहिली मांडणी म्हणून ते फसवतात.

आता वरच्या वर्गांचे शिक्षक म्हणतील, हे सगळं लहान मुलांचं झालं. तर एकच आयत घ्या. चौकटीच्या कागदावर २३ घरं लांब आणि १४ घरं रुंद. लांबी २० आणि ३, रुंदी १० आणि ४ अशी तोडली की चार तुकडे होतात: २००, ८०, ३० आणि १२. बेरीज ३२२. गुणाकारात ‘हातचा’ कुठून येतो, दुसऱ्या ओळीत एक घर सोडून का लिहायचं, हे त्या चार तुकड्यांत दिसतं. हाच आयत आठवीत उपयोगी पडतो. (अ + ब)² चा विस्तार मुलं अ² + ब² असा करतात. ‘२अब विसरलास’ असं आपण वर्षानुवर्षं सांगतो. चौरस काढून बाजू अ आणि ब मध्ये तोडायला सांगा. दोन चौरसांच्या मध्ये दोन आयत उरतात, आणि ते न मोजता पुढे जाताच येत नाही. आपल्या शाळेत पहिली ते दहावी एकाच आवारात आहेत. तिसरीच्या बाईंनी आणि आठवीच्या सरांनी हा एकच आयत वापरायचं ठरवलं, तर मुलाला नवा धडा ओळखीचा वाटेल.

भूमितीत तक्त्यांपासून जपायला हवं. तक्त्यावरचा त्रिकोण नेहमी जमिनीवर बसलेला असतो, टोक वर. तो उलटा केला की कितीतरी मुलं त्याला त्रिकोण म्हणायला कचरतात. तिरका धरलेला चौरस त्यांना पतंग वाटतो. हलणारी, फिरवता येणारी आकृती हातात हवी. अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून जी मॉडेल्स केली, ती पुष्कळांनी पाहिली असतील. काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन मात्र सहज कलंडतो. कैचीच्या पत्र्याखाली त्रिकोण का असतात, हे मग सांगावं लागत नाही. आणि साधनांसाठी पैसा लागतो असं वाटत असेल, तर बोर्डी आणि कोसबाडच्या परिसरात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, बिया, पानं अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून बालशिक्षण कसं उभं केलं, ते आठवावं.

एवढं सांगून झाल्यावर एक इशारा द्यायला हवा. साहित्यात गणित भरलेलं नसतं. मणी मोजणारं मूल नुसते मणीच मोजत असू शकतं. म्हणून वस्तू हातात दिल्यावर ‘आता हे चित्रात काढ’, ‘आता आकड्यांत लिही’, आणि काही दिवसांनी ‘वस्तू न घेता सांग’ या तीन सूचना याव्याच लागतात. पेटी कधी मिटायची, हेही साहित्याच्या आखणीतच येतं.

आणि मुलाने स्वतः काढलेलं चित्र जपायला हवं. ‘सलमाकडे मीनापेक्षा ८ गोट्या जास्त, दोघींच्या मिळून ३२, तर मीनाकडे किती?’ ‘जास्त’ दिसलं की मुलं बेरीज करतात. दोन आडव्या पट्ट्या काढल्या, सलमाची ८ ने लांब, तर उत्तर समोर येतं. ३२ मधून ८ गेले, राहिले २४, निम्मे १२. पण आपल्याकडे ही पट्टी कुठे काढतात? वहीच्या उजव्या बाजूला, ‘कच्चे काम’ या रकान्यात, आणि नंतर त्यावर काट मारतात. मुलाचा विचार तिथे असतो, आणि गुण मात्र डावीकडच्या नीटनेटक्या ओळींना मिळतात. गुरुजन, आपल्यापैकी जे अजून शाळेशी जोडलेले आहेत त्यांना माझी विनंती आहे, शाळेच्या घटक चाचणीत तरी अशा चित्राला एक गुण ठेवावा. त्याला वर्गणी लागत नाही.

आता यादी. काड्या, रबरबँड आणि रकान्यांचे कापडी तुकडे. शंभर मण्यांच्या माळा. अंक न छापलेल्या लाकडी पट्ट्या. कागदी पट्ट्या आणि चौकटीच्या कागदांचे गठ्ठे. आगकाड्या आणि व्हॉल्व्हची नळी. प्रत्येक वस्तू दोन मुलांत एक, एवढ्या संख्येने. एकच भारी नमुना आणला, तर तो बाई हातात धरतील आणि साठ मुलं लांबून बघतील. सूत्रांच्या तक्त्यांऐवजी खोलीच्या चारी भिंतींना मुलांच्या उंचीचा काळा रंग द्यावा, म्हणजे त्यांना तिथे चित्र काढता येईल. स्मार्ट बोर्ड नको असं मी म्हणत नाही. त्रिकोणाचा कोन बदलताना बाकीचे कोन कसे बदलतात, हे त्यावर फार छान दिसतं. पण तो सगळ्यांत शेवटी घ्यावा, आधीच्या गोष्टी झाल्यावर.

आणखी एक, शाळेतल्या मंडळींना कळेल असं. महाग वस्तू डेड स्टॉक रजिस्टरला चढते, मग हरवायला नको म्हणून ती कपाटात जाते, आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खोलीत राहते. म्हणून झिजणाऱ्या, हरवणाऱ्या, पुन्हा भरता येणाऱ्या वस्तूच द्याव्यात, आणि जमलेल्या पैशातला तिसरा हिस्सा पुढच्या वर्षांच्या भरपाईसाठी बाजूला ठेवावा, असा माझा प्रस्ताव आहे. पट्ट्या कापायला आपल्यात लाकूडकाम करणारे आहेत, कापडी तुकडे शिवायला शिवणकाम करणाऱ्या आहेत. माळा ओवायला तर गणितही यावं लागत नाही, फक्त दहापर्यंत मोजता आलं पाहिजे. ज्यांचं गणिताशी जमलं नाही, त्यांनी हे काम आवर्जून घ्यावं. शंभरावा मणी ओवेपर्यंत एकोणतीस कुठे बसतो, ते त्यांनाही दिसेल.

गुरुजन, आपण आम्हाला खडू आणि फळा एवढ्यावर जे शिकवलं, त्यावर आम्ही आजवर हिशेब करत आलो. आता शाळेत येणाऱ्या मुलांना त्यात थोडी भर घालून द्यावी, एवढीच आमची इच्छा आहे. संयोजकांनी कागद फिरवायला घेतला आहे. कोण काय करणार, ते त्यावर नावासमोर लिहावं. चहा तयार आहे असं कळलं आहे, तेव्हा मी थांबते.